मदत हवी आहे: सर्व्हरच्या इन्स्टॉल आयएसओमध्ये कोणती पॅकेजेस ठेवू?

नमस्कार मंडळी,

डेबियन १२ (लिनक्स) वर आमचा स्वतःचा आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल डिस्कची फाइल, बनवतोय, सिंपल-सीडीडी हे त्यासाठीचं टूल वापरून. सर्व्हर एका छापाचे नाहीत, काही वेब, काही डेटाबेस, एखाददुसरा फाइल सर्व्हर, आणि बरेचसे अशा जागी बसणार जिथे इंटरनेट नाहीच. आतला मिरर (आमच्याच नेटवर्कवरची पॅकेजेसची प्रत) आहे, पण मशीन आधी नेटवर्कवर आलं तर तो दिसणार ना. डेबियनची तयार डीव्हीडी-१ लावून बघितली, पण तिच्यात पॅकेजेस लोकप्रियतेच्या क्रमाने भरलेली असतात त्यामुळे डेस्कटॉपचाच पसारा फार.

आता यादी टीममध्ये फिरतेय आणि ज्याला जे आठवेल ते तो टाकतोय. एकाला टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनलचं काम चालू ठेवणारं), एकाला एचटॉप (चालू प्रोसेस दाखवणारं), डेटाबेसवाल्यांना अख्खं पोस्टग्रेस, आणि कुणीतरी जीसीसी कंपायलर न् ड्रायव्हर बांधायला लागणारे कर्नल हेडर्स पण घुसवलेत, "लागले तर असावेत" म्हणून. नको म्हटलं की उत्तर ठरलेलं, पेन ड्राइव्हवर जागा आहे की! अहो पण आम्ही आयएसओ रिमोट कन्सोलवरून व्हर्च्युअल मीडिया म्हणून जोडतो, तिथे फाइल जितकी मोठी तितकं रखडणं. आणि प्रॉडक्शन मशीनवर कंपायलर मला तरी पटत नाही.

कापायचं कुठे? काही नियम आहे का, का ज्याचा आवाज मोठा त्याचं पॅकेज?

रूटवाले_काका:
तुमच्या यादीत दोन याद्या एकत्र झाल्यात. मीडियावर असणं वेगळं आणि मशीनवर बसणं वेगळं. सिंपल-सीडीडीच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या मशीनसाठीच्या सेटिंगमध्ये, डॉट पॅकेजेस फाइल असते, त्यातलं सगळं इन्स्टॉल होतं, आणि डॉट डाउनलोड्स असते, त्यातलं नुसतं आयएसओवर जातं. ग्रबचंच, म्हणजे सिस्टम बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅमचंच बघा ना, बूटची जुनी पद्धत म्हणजे बायॉसवाल्या मशीनला ग्रब-पीसी लागतं आणि नवी म्हणजे यूईएफआयवाल्याला ग्रब-ईएफआय. दोन्ही एका मशीनवर एकत्र बसतच नाहीत, पण मीडियावर दोन्ही पाहिजेत.

मग प्रत्येक पॅकेजला एकच विचारा: हे नसेल तर मशीन बूट होऊन मिररपर्यंत पोचेल का? डिस्कसाठीची एमडीएडीएम, एलव्हीएम२, क्रिप्टसेटअप, एक्सएफएसप्रॉग्स आत. दुरून लॉगिनसाठी ओपनएसएसएच-सर्व्हर आत. नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारी फाइल) तर आधी, जुन्या ब्रॉडकॉम कार्डांना फर्मवेअर-बीएनएक्स२ लागतं आणि ते मिररवर असून उपयोग काय, मिररपर्यंत जायला तेच तर हवंय. १२ पासून अधिकृत आयएसओत फर्मवेअर येतं, पण स्वतः बनवताना कॉम्पोनंट्समध्ये (पॅकेजेसच्या विभागांत) नॉन-फ्री-फर्मवेअर आहे ना ते बघून घ्या. बाकी सगळं मिररवरून.

अर्धाडीमन:
काकांशी सहमत, फक्त रेकमेंड्सकडे, म्हणजे पॅकेजने सुचवलेल्या पण सक्तीच्या नसलेल्या पॅकेजेसकडे लक्ष ठेवा. एपीटी (डेबियनचं पॅकेज बसवणारं) डिपेंड्स, म्हणजे सक्तीचं पॅकेज, नाही मिळालं तर बोंब मारतं, रेकमेंड्स नाही मिळालं तर मुकाट पुढे जातं. डब्ल्यूगेट (फाइल डाउनलोड करणारं) सीए-सर्टिफिकेट्सला (विश्वासू सर्टिफिकेटांच्या पॅकेजला) नुसतं रेकमेंड करतं, त्यामुळे तुमच्या आयएसओवरून डब्ल्यूगेट व्यवस्थित बसेल आणि एचटीटीपीएसवाल्या मिररला हात लावला की सर्टिफिकेटची एरर. मिररला तुमचं घरचं सर्टिफिकेट असेल तर अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स ही कमांडसुद्धा त्याच पॅकेजमधून येते. ते नाव घेऊन यादीत टाका.

आणि नेटवर्क कार्डच न दिलेल्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) प्रत्येक प्रोफाइल एकदा चालवून बघा, एकदा बायॉस एकदा यूईएफआय. अडलं तर त्याच वेळी दुसऱ्या कन्सोलवर जाऊन सिसलॉग (इन्स्टॉलरची नोंद) बघायचा.

धागाकर्ता:
हे भारीच, दोन फाइल्सचं डोक्यातच आलं नव्हतं. पोस्टग्रेसचं काय मग? डेटाबेसवाले ऐकणार नाहीत.

रूटवाले_काका:
त्यांना सांगा, आयएसओवरचं पोस्टग्रेस ज्या दिवशी आयएसओ बनला त्या दिवसाचं असतं. डेबियनच्या पॉइंट रिलीज (त्याच आवृत्तीच्या सुधारित प्रती) साधारण दोन महिन्यांनी येतात, सिक्युरिटी अपडेट्स त्याच्याही मधे. दर वेळी आयएसओ नव्याने बनवून सगळीकडे पोचवणार असतील तर खुशाल घ्या. मिरर कधीच दिसणार नाही अशा मशीन असतील तर त्यांच्यापुरतं वेगळं प्रोफाइल करा, सगळ्यांच्या गळ्यात कशाला? जीसीसी आणि हेडर्स काढा. डीकेएमएसवालं (कर्नल बदलला की मशीनवरच पुन्हा बांधलं जाणारं) ड्रायव्हर असेल तरच हेडर्सचा विचार करायचा, तोही तेवढ्या मशीनसाठी.

धागाकर्ता:
डीकेएमएस कुठेच नाही. जीसीसी गेलं. टीमक्स?

अर्धाडीमन:
नियमात बसत नाही पण राहू द्या. अपग्रेड चालू असताना एसएसएच तुटलं की टीमक्स नको म्हणणाराच आधी शोधायला येतो 😄 एचटॉपवर मात्र ठाम रहा, टॉप आहे की.

धागाकर्ता:
बरं, आज प्रोफाइल्स वेगळी करतो. व्हीएमवर अडलं तर लॉग इथेच टाकेन.