मदत हवी आहे: बाबुराव अर्नाळकरांची जुनी पुस्तकं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. माझे आजोबा शाळकरी वयात वाचनालयात नंबर लावून अर्नाळकर वाचायचे. आता नजर अधू झालीय, म्हणून रोज रात्री मी वाचून दाखवते. घरात तीनच पुस्तकं उरलीत, तीही दोनदा वाचून झाली. बाबुरावांनी (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६-१९९६) हजारावर रहस्यकथा लिहिल्या, मग गेल्या कुठे सगळ्या? त्यांच्या झुंजार, काळा पहाड या नायकांच्या कथा, काहीही चालेल, पण आजोबांचा खरा जीव धनंजय-छोटू या गुप्तहेर जोडीवर. पुण्या-मुंबईतला एखादा रद्दीवाला किंवा जुनं वाचनालय माहीत आहे का? शिवाय बाबुरावांच्या आयुष्यावर, त्यांच्या चष्म्याच्या दुकानाच्या दिवसांवर कुणी सविस्तर लिहिलंय का? आजोबा सारखे विचारतात, दुकान सांभाळून हा माणूस एवढं लिहायचा कधी!