रॉकचे कोणते अल्बम एलपीवर घ्यावेत, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते जपायचे कसे?

सुई_आणि_खाच:
नमस्कार मंडळी. जुन्या टर्नटेबलला (रेकॉर्ड प्लेअरला) नवीन मॅग्नेटिक कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, बसवली आहे. आता सत्तरच्या दशकातल्या रॉकचे पाच-सहा एलपी, म्हणजे व्हिनाइलच्या मोठ्या रेकॉर्डी, घ्यायचे आहेत. नवी रेकॉर्ड स्वस्त नसते, म्हणून विचारून घेतो. कोणते अल्बम खरंच एलपीवर ऐकण्यासारखे आहेत आणि कोणते नाहीत? प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं फाटल्यासारखं वाजतं, हे सुईमुळे की रेकॉर्डमुळे? खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली आहे, भिंत पश्चिमेची आणि समोर कूलर. मे महिन्यात रेकॉर्डी वाकतील का?

धरमपेठ_३३:
आधी शेवटच्या गाण्याचं बघू, कारण अल्बमची निवडही त्यावरच ठरते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, मधल्या लेबलजवळ जेमतेम २१. तोच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोरलेला असतो, म्हणून झांजा आणि 'स', 'श' तिथे खरखरतात. सुई जरा तिरकी असली की आणखी वाईट. प्रोट्रॅक्टरचा (कार्ट्रिज सरळ बसवायच्या खुणांचा) कागद छापून घ्या आणि दोन्ही खुणांवर कार्ट्रिज रेघांना समांतर येईपर्यंत स्क्रू सैल करून सरकवत राहा. छापताना पानाचा आकार १०० टक्केच ठेवा आणि पट्टीने मोजून खात्री करा, नाहीतर मापच चुकतं. मग सुईचं वजन, म्हणजे ती खाचेवर देते तो भार. कार्ट्रिजसोबत आलेल्या कागदावरचा आकडा (बहुतेकदा १.५ ते २ ग्रॅमच्या दरम्यान) छोट्या डिजिटल काट्यावर तपासा. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जास्त टिकते, असं पुष्कळ जण मानतात. ते चूक आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि तिच्या भिंती खरवडते.

आता अल्बम. लेड झेपेलिनच्या १९७१च्या चौथ्या अल्बममध्ये 'स्टेअरवे टू हेवन' पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी आहे. सुरुवात हळुवार, आणि सगळ्यात जोराचा भाग नेमका लेबलजवळ. जुनी प्रत घेताना पहिल्या गाण्यावर भुलू नका, 'स्टेअरवे'ची शेवटची दोन मिनिटं लावायला सांगा. आवाज चिरका आला तर आधीच्या कुणाच्या सुईने खाच खाल्लेली आहे आणि कितीही धुतली तरी ती सुधारणार नाही. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'लाही (१९६७) हीच अडचण आहे. 'अ डे इन द लाइफ'मधला ऑर्केस्ट्राचा चढ दुसऱ्या बाजूच्या टोकाला येतो.

माझ्या मते पहिला एलपी घ्यावा तो पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' (१९७५). दुसरी बाजू संथ होत विरते, त्यामुळे आतल्या खाचांवर ताण येत नाही. 'शाइन ऑन'चा अर्धा भाग पहिल्या बाजूच्या सुरुवातीला आणि अर्धा दुसऱ्या बाजूच्या शेवटी ठेवला आहे. मध्ये उठून रेकॉर्ड उलटणं हे त्या रचनेचाच भाग वाटतं. सलग फाइलमध्ये ते हरवतं.

गोकुळपेठची_झांज:
पहिल्या एलपीबद्दल सहमत. दुसरा डीप पर्पलचा 'मशीन हेड' (१९७२) घ्या. 'स्मोक ऑन द वॉटर' दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं आहे, म्हणजे तबकडीवरच्या सगळ्यात चांगल्या जागी.

पण सगळंच एलपीवर चांगलं, असं मानू नका. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) डिजिटलवरच रेकॉर्ड झाला होता. सीडी ५५ मिनिटांची, आणि एका तबकडीत बसवण्यासाठी मूळ एलपीवर काही गाणी छोटी करून एकूण वेळ ४७ मिनिटांवर आणली. तो सीडीवर ऐका, नाहीतर नंतर निघालेला दोन तबकड्यांचा संच बघा. एका बाजूला २२-२३ मिनिटांपेक्षा जास्त भरलं की खाचा एकमेकींच्या फार जवळ कोराव्या लागतात, आवाजाची पातळी खाली येते आणि पार्श्वभूमीची सरसर वर येते. घेण्याआधी गाण्यांच्या वेळा बेरीज करून पाहा.

मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) एलपीवर घेऊ नका. मास्टरिंगला (प्रती काढण्याआधीच्या शेवटच्या टप्प्याला) येण्याआधीच त्याचा आवाज इतका दाबून मोठा केला होता की ध्वनिलहरींची शिखरं कापली गेली. तबकडी बदलून ती परत येत नाहीत. उत्तम वादन असं वाया गेलं याचं खूप वाईट वाटतं.

महालचा_रेकॉर्डवाला:
उन्हाळ्याचं सांगतो भाऊ. व्हिनाइल साधारण ६० अंशांपासून मऊ पडतं. नवतपात (मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) बाहेर ४६ असलं तरी खोलीत नीट उभी ठेवलेली रेकॉर्ड वाकत नाही. वाकते ती बंद गाडीत, खिडकीतल्या उन्हात, किंवा गरम अॅम्प्लिफायरवर ठेवल्यावर. पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत धग देते, तिला टेकवून ठेवू नका. आतल्या भिंतीशी, जमिनीलगत, सरळ उभ्या ठेवा. तिरक्या ठेवल्या किंवा आडव्या रचल्या की उष्णतेत वजनानेच आकार बिघडतो. नव्या रेकॉर्डवरचं घट्ट प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढा. गरमीत ते आकसून कडा ओढतं आणि तबकडीची वाटी होते.

कूलरचा झोत कपाटावर नको. पुठ्ठा ओल धरतो आणि पावसाळ्यात बुरशी येते. कूलरच्या मोटरची थरथर फरशीतून सुईपर्यंत जाते आणि गुरगुर ऐकू येते, म्हणून टर्नटेबल भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवा. कूलर नसलेल्या खोलीत मे महिन्याची कोरडी हवा उलटा त्रास देते. स्थिर वीज साठून धूळ चिकटते. दर बाजूआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवा.

धुवायला चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात. मायक्रोफायबर कापड खाचेच्या दिशेनेच फिरवा, लेबल कोरडं ठेवा. घरात लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डी असतील तर त्यांना अल्कोहोल अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते.

सुई_आणि_खाच:
मनापासून आभार. एक राहिलं. आवाज फार बारीक येऊन राहिला, बास जवळजवळ नाहीच, आणि सतत घूं वाजतं.

धरमपेठ_३३:
टर्नटेबल अॅम्प्लिफायरच्या ऑक्स (साध्या) इनपुटमध्ये लावलं असणार. एलपी कोरताना बास कमी आणि वरचे स्वर जास्त केलेले असतात. ते परत सरळ करायला फोनो (टर्नटेबलसाठीचा) इनपुट लागतो, अॅम्प्लिफायरला नसेल तर मध्ये तेच काम करणारा वेगळा फोनो प्रीअॅम्प. घूं जायला टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर अॅम्प्लिफायरच्या किंवा प्रीअॅम्पच्या मागच्या 'जीएनडी' स्क्रूला कसा. ती लावूनही राहिलं तर कार्ट्रिजच्या मागच्या चार तारा एकेक करून तपासा. हिरवी किंवा निळी तार सैल असली की असंच होतं.