मदत हवी आहे: माझा पोकेमॉन रायपेरियर एक मूव्ह (वार) मारायच्या आधीच मरायलाय, हळू अटॅकर खेळवायचा तरी कसा?

उद्यमबागचा_गेंडा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढायलोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. सेकंड शिफ्ट सुटली की घरी येऊन जेवण उरकायचं आणि फोनवर पोकेमॉन शोडाऊन (पोकेमॉनच्या लढाया लावायचा ऑनलाइन गेम) लावून बसायचं, हा गेले तीन महिने चाललेला उद्योग. डबल्स खेळतो (दोन्हीकडून दोन-दोन पोकेमॉन एकदम मैदानात), सगळे लेव्हल ५०, सहा दाखवायचे आणि चार न्यायचे तो प्रकार. आणि माझा जीव अडकलाय रायपेरियरवर. लहानपणापासून गेंडा आवडतो, त्यात ह्याचे बेस आकडे (लेव्हल धरायच्या आधीचे) अटॅक १४०, डिफेन्स १३०, एचपी (जीव) ११५, बघूनच वाटलं की हा एकटा सगळ्यांना आडवा करणार. खरं होतंय उलटंच. बेस स्पीड ४० असल्यामुळं सगळे आधी मारून मोकळे होतात, पाणी नायतर गवत लागलं की चौपट बसतंय आणि माझा गेंडा तोंड न उघडताच खाली.

निपाणीला माझा आतेभाऊ आहे, माझ्याहून चार वर्षांनी लहान, त्याच्याकडे ड्रॅगापल्ट, गार्चोम्प, रिलाबूम, इन्सिनरोर अशी सगळी नेहमीची पलटण आहे. गेल्या आठवड्यात सलग सहा मॅच हरलो त्याच्याकडून. वर म्हणतोय काय, "दादा तुझा गेंडा बघायला बरा आहे, शोकेसमध्ये ठेव." पुढच्या रविवारी परत खेळायचं ठरलंय, हरणाऱ्यानं अर्धा किलो कुंदा द्यायचा.

माझा सेट असा आहे: जॉली नेचर (स्पीड वाढवणारा स्वभाव), ईव्ही (वाटून द्यायचे जादा पॉइंट) अटॅकला २५२ आणि स्पीडला २५२, मूव्हज अर्थक्वेक, स्टोन एज, रॉक रेकर, स्वॉर्ड्स डान्स (अटॅक वाढवणारा नाच). हळू आहे म्हणून स्पीड वाढवला, बरोबर ना? एकदा तर इन्सिनरोर समोर आधीच उभा होता, माझा गेंडा नंतर आला त्यामुळं त्याचं इंटिमिडेटपण (मैदानात येताना समोरच्याचा अटॅक कमी करणं) लागलं नव्हतं, बाजूचा माझा गडी मेलेला म्हणून वाटलं अर्थक्वेक पूर्ण जोरात बसणार, तरी त्या मांजराची चिमटीभर एचपी उरली आणि पार्टिंग शॉट मारून पळून गेला. त्या दिवशी फोन भिंतीवर मारणार होतो. त्याच्या आधीच्या मॅचमध्ये अर्थक्वेकनं बाजूला उभा माझाच टॉर्कोल मेला ते वेगळंच.

टीम बदल असं सांगू नका, गेंडा पाहिजेच. बाकी काय पण सांगा.

खानापूर_लोकल

भावा, उसाला जातोस काय कधी? निपाणी-चिकोडी रस्त्यावर सीझनला दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर बघितलास ना. त्याला ओव्हरटेक करायला सगळ्यांना मिळतं, आडवं जायला कुणाला मिळत नाही. तू त्या ट्रॅक्टरला बुलेटचा सायलेन्सर लावून शर्यतीत सोडलायस.

हिशोब बघ. जॉली आणि २५२ करून तुझा स्पीड होतोय १०१. आतेभावाच्या गार्चोम्पनं स्पीडला एक पण ईव्ही दिली नाही तरी त्याचा १२२ होतोय, आणि तो देणारच, मग १६९. म्हणजे तू एवढं सगळं घालवून कुणाच्या पुढं गेलास? इन्सिनरोरच्या. त्याचा साधा ८० असतोय. बास. आणि त्याच्यासाठी तू किती दिलास बघ: अॅडमंट नेचर (अटॅक वाढवणारा) असता तर अटॅक २११ झाला असता, जॉलीमुळं १९२ वर थांबला, आणि एचपीला २५२ दिल्या असत्या तर १९० चे २२२ झाले असते.

टेलविंड लावून बघतो म्हणशील तर तेही सांगतो. काहीच न दिलेला रायपेरियर ६० चा, टेलविंडमध्ये डबल होऊन १२०. गार्चोम्प फुकटात १२२. दोन पॉइंटानं मेलास.

उद्यमबागचा_गेंडा

हे वाचून पोटात गोळा आला. म्हणजे तीन महिने मी उलटंच करायलोय?

चिकोडीची_हळूबाई

तीन महिने काहीच नाही, मी वर्षभर कॉन्केल्डरला (तोपण असाच हळू) स्पीड देत होते, त्यामुळे हसणार नाही.

इन्सिनरोरचं कोडं तेवढं सोडवून देते कारण त्यातच सगळं आहे. डबल्समध्ये समोर दोघं असले आणि अर्थक्वेक मारला की तो पसरतो आणि प्रत्येकाला पाऊणच बसतो, तुझा जोडीदार मेलेला असला तरी समोर दोघं होतेच, त्यामुळे पाऊण. शिवाय आतेभावाकडे रिलाबूम आहे म्हणतोस, तो मैदानात आला की ग्रासी टेरेन (गवताचं मैदान) लागतं, त्यात अर्थक्वेक अजून निम्मा होतो. त्याऐवजी हाय हॉर्सपॉवर घे. पॉवर ९५, एकालाच लागतो, टेरेनमध्ये कमी होत नाही आणि शेजारचा टॉर्कोलपण जिवंत राहतो.

आता आकडे. इन्सिनरोरला पूर्ण एचपी दिली की २०२ होते, डिफेन्सला काही दिलं नसेल तर तुझ्या जॉली गेंड्याचा हाय हॉर्सपॉवर १८६ ते २२२ मध्ये कुठेही बसेल. म्हणजे कधी मरेल, कधी वाचेल. तोच अटॅक २११ असला की कमीत कमी २०६. वाचायचा प्रश्नच नाही. डॅमेज कॅल्क्युलेटरमध्ये घालून बघ, शोडाऊन खेळणाऱ्याला ते उघडं ठेवायची सवय पाहिजेच. फक्त इंटिमिडेट लागलं की हाच मार १३८ ते १६४ वर येतो, म्हणून गेंड्याला पहिल्यांदा उतरवू नकोस, मांजर आधी येऊ दे.

आणि रॉक रेकर काढ रे बाबा. १५० पॉवर दिसते म्हणून सगळे घेतात आणि पुढच्या टर्नला नुसतं बसून राहतात. हळू पोकेमॉनला एका मॅचमध्ये दोन-तीनच वार मिळतात, त्यातला एक विश्रांतीत घालवायचा म्हणजे काय!

उलट्या_खोलीतला

सगळे बोलले आणि मुख्य गोष्ट कुणीच बोलेना, ट्रिक रूम! टीममध्ये ट्रिक रूम लावणारा एक घाल, सगळ्यात हळू तो सगळ्यात आधी. मग तुझा ४० हा शाप नाही, भांडवल आहे.

त्यासाठी जॉली सोड, अॅडमंटपण सोड, ब्रेव्ह नेचर घे: अटॅक तेवढाच २११, स्पीड दहा टक्के कमी. स्पीडची आयव्ही (जन्मजात पॉइंट) ३१ आहे ती शून्य कर, शोडाऊनवर नुसता आकडा बदलायचा असतोय. मग गेंडा बरोबर ४० स्पीडचा होतो. अर्सालुना एवढी घाबरवते सगळ्यांना, ती पण सगळं करून ४९ पर्यंतच खाली येते, म्हणजे खोलीत तू तिच्या आधी. टॉर्कोल २२ चा, तो तुझ्याआधी, आणि त्याचा इरप्शन पूर्ण एचपीवर १५० पॉवरचा असतोय, तो तुझ्याकडे आहेच म्हणतोस तर सोन्याहून पिवळं.

लावणारा म्हणून फॅरिजिराफ घे, दुसरं कोण नको. त्याची आर्मर टेल अशी आहे की समोरच्याच्या प्रायॉरिटी मूव्हज (स्पीड न बघता आधी लागणाऱ्या) तुझ्या दोघांवरही चालत नाहीत. ट्रिक रूममध्ये सगळे एक गोष्ट विसरतात, प्रायॉरिटी त्यात उलटी होत नाही. फेक आउट, ग्रासी ग्लाइड ही आधीच लागतात. रिलाबूमचा ग्रासी ग्लाइड तुझ्या गेंड्याला चौपट बसतोय ना, तोच आर्मर टेलनं बंद. हातात मेंटल हर्ब दे म्हणजे टाँटनं (नुसते वारच करायला लावणारी मूव्ह) अडवलं तरी सुटेल.

खानापूर_लोकल

ट्रिक रूम भारी आहे खरं, पण पोराला अर्धवट सांगू नका. पाच टर्न चालतो म्हणतात, त्यातला एक तो लावण्यातच जातो, आणि त्याची प्रायॉरिटी उणे सात असल्यामुळं फॅरिजिराफला तो अख्खा टर्न मार खाऊन सगळ्यात शेवटी लावायचा असतोय. हातात राहतात चार. समोरचा हुशार असला तर दोन टर्न प्रोटेक्ट (मार अडवणारी मूव्ह) आणि स्विचमध्ये (गडी बदलण्यात) घालवणार. म्हणून खोली लागली की लगेच मारायला सुरू कर, स्वॉर्ड्स डान्स करत बसू नकोस, नाचायला वेळ नाही तिथं.

माझं मत असं की आयटम असॉल्ट व्हेस्ट दे, स्पेशल डिफेन्स दीडपट होतोय. गेंड्याचा स्पेशल डिफेन्स बेस ५५ आहे, तिथंच तर मरायलाय तो.

चिकोडीची_हळूबाई

असॉल्ट व्हेस्ट घातलं की प्रोटेक्ट वापरता येत नाही, आणि डबल्समध्ये हळू अटॅकरला प्रोटेक्टशिवाय पाठवणं म्हणजे बिनछत्रीचं जुलैमध्ये खानापूरला जाणं. मी तरी नाही पाठवणार. इन्सिनरोरशीच वैर असेल तर क्लिअर अॅम्युलेट दे, इंटिमिडेट लागतच नाही.

अजून एक, खोलीत अमूनगस समोर आला तर सावध. त्याचा स्पीड ३१ पर्यंत येतो म्हणजे तो तुझ्याआधी स्पोर मारून झोपवेल. टेरा ग्रास (मॅचमध्ये एकदा आपला टाइप बदलून ग्रास होणं) ठेव. ग्रास टाइपवर स्पोर चालत नाही, पाणी आणि गवत दोन्ही चौपटचे निम्मे होतात, आणि दगड-जमिनीच्या मूव्हजचा जोर तसाच राहतो. एक टेरा आणि तीन आजार बरे.

उद्यमबागचा_गेंडा

ताई, दादा, सगळ्यांचं ऐकून हे केलंय: ब्रेव्ह, स्पीड आयव्ही शून्य, एचपी २५२, अटॅक २५२, उरलेल्या ४ स्पेशल डिफेन्सला. हाय हॉर्सपॉवर, रॉक स्लाइड, आइस पंच, प्रोटेक्ट. क्लिअर अॅम्युलेट, टेरा ग्रास. फॅरिजिराफ आणि अमूनगस मीच घेतला, दुसऱ्यानं झोपवायच्या आधी आपणच झोपवावं म्हटलं. आइस पंच फक्त गार्चोम्पसाठी, चौपट बसतोय.

रॉक स्लाइडचं एक कळलं काल. फ्लिंच होतोय म्हणून सगळे सांगत होते आणि माझ्याकडून कधी झालाच नाही. आता कळलं, आपण नंतर मारलं तर समोरच्यानं त्याची मूव्ह आधीच मारलेली असते, मग दचकणार काय डोंबल!

उद्यमबागचा_गेंडा

रविवारचा रिपोर्ट. तीन मॅच झाल्या.

पहिली हरलो आणि ती शंभर टक्के माझी चूक. ट्रिक रूमचा अजून एक टर्न बाकी होता, मला वाटलं संपला, परत दाबला. परत दाबला की तो बंद होतो हे मला माहीतच नव्हतं. माझा गेंडा आणि टॉर्कोल दोघं हळू, आणि ड्रॅगापल्ट आधी. आतेभाऊ तिकडं फोनवर हसून हसून खोकायला लागला.

दुसरी जिंकलो. ती सांगतोच. मी फॅरिजिराफ आणि अमूनगस, त्याचे रिलाबूम आणि इन्सिनरोर. पहिल्या टर्नला त्यानं रिलाबूमचा फेक आउट फॅरिजिराफवर मारला, चाललाच नाही, आर्मर टेल. तिकडं इन्सिनरोरनं फ्लेअर ब्लिट्झनं माझा अमूनगस भाजून खाल्ला. मग शेवटी ट्रिक रूम लागला. अमूनगस गेला म्हणून गेंडा फुकटात आत, एक ओरखडा नाही. दुसऱ्या टर्नला टेरा ग्रास करून हाय हॉर्सपॉवर मांजरावर. यावेळी चिमटीभरसुद्धा उरलं नाही! रिलाबूमनं वूड हॅमर मारला तो टेरामुळं निम्मा. मग गार्चोम्प आला त्याला आइस पंच, पुढं ड्रॅगापल्ट आणि रिलाबूमवर रॉक स्लाइड, ड्रॅगापल्ट दचकला, आणि तिकडून पाच सेकंद आवाजच नाही. मग म्हणतोय, "दादा हे चीटिंग आहे."

तिसरी पण जिंकलो खरं ती त्याचं नेट गेल्यामुळं, ती मोजत नाही मी. कुंदा मात्र मोजून घेतला, अर्धा किलो.

आता नवी अडचण. त्यानं परवाच रायपेरियर बनवलाय, माझाच सेट उचलला, ब्रेव्ह, आयव्ही शून्य, सगळं. दोघांचे ४० असले तर ट्रिक रूममध्ये आधी कोण मारतो?

उलट्या_खोलीतला

टाय. निम्मं-निम्मं, नाणं उडवल्यासारखं, आणि दर टर्नला परत उडतंय. पुढं जायचंच असेल तर आयर्न बॉल दे, स्पीड निम्मा होऊन २० येतोय, टॉर्कोलच्यापण आधी जाशील.

उद्यमबागचा_गेंडा

मग क्लिअर अॅम्युलेट काढावं लागणार आणि मांजर परत इंटिमिडेट मारणार.

चिकोडीची_हळूबाई

आयर्न बॉलच्या नादाला लागू नकोस. पाठीमागून आण म्हटलं होतं ना, तेवढं पाळ. आणि त्याचा गेंडा आला की तुझा फॅरिजिराफ बाजूला घे, अमूनगसला स्पोर मारू दे, अमूनगस दोघांच्याही आधी आहे.

खानापूर_लोकल

त्यानं पण टेरा ग्रास उचलला असेल तर?

चिकोडीची_हळूबाई

मग आइस पंच. ग्रासला दुप्पट बसतो.