शब्द हवा आहे: ‘मोबाइल जेनेटिक एलिमेंट्स’

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ):
गावातल्या बायांसाठी प्रतिजैविकांवर पत्रक लिहिते आहे. औषधाला दाद न देण्याची जनुकं आतड्यातले जीवाणू एकमेकांना देतात, हे सांगायचंय. ‘चल जनुकीय घटक’ लिहिलं तर कोणी वाचणार नाही. आमच्याकडे म्हणतात, ‘अंगाले दवाईची सवय झाली, आता लागू पडत नाही.’ हेच घ्यावं का?

उत्तर (वर्धा):
ताई, ते नको. सवय अंगाला होत नाही, बदलतो तो जीवाणू. ‘प्रतिकार’ही टाळा. लसीकरणाच्या दिवशी आपणच रोगप्रतिकारशक्ती वाढते म्हणून बायांना बोलावतो. मग पत्रकात प्रतिकार वाढणं वाईट कसं? ‘दाद न देणं’ तुम्ही सहज लिहून गेलात, तेच उत्तम. घटकांना ‘फिरती जनुकं’ म्हणा. त्यातलं एक प्लाझ्मिड, म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं, बहुधा गोल कडं. हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये दिलं. दुसरा ट्रान्सपोझॉन, हा डीएनएचा जागा बदलणारा तुकडा, गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवरही जातो. पत्रकात दोन्ही नावं नकोत.

उत्तर (अमरावती):
‘फिरती’ पटलं. ‘देवाणघेवाण’ मात्र लिहू नका. विरजणासारखं आहे हे: शेजारणीला दिलं तरी आपल्याकडे उरतं, आणि ती पुढे तिसरीला देते. जीवाणू प्लाझ्मिडची प्रत देतो, तीही कधीकधी वेगळ्या जातीच्या जीवाणूला. पोटात निमूट राहणाऱ्या जीवाणूकडचं जनुक असं हगवणीच्या जंतूकडे पोचू शकतं. आमच्याकडे कोंबडीपालन मोठं, म्हणून कोलिस्टिन या प्रतिजैविकाचाही उल्लेख करा. त्याला दाद न देणारं, प्लाझ्मिडवरचं जनुक 2015 मध्ये चीनमधून नोंदलं गेलं. 2019 मध्ये भारताने जनावरा-कोंबड्यांना ते औषध देण्यावर बंदी घातली.

प्रश्नकर्ती:
विरजण घेते, बाया लगेच ओळखतील. आता हे वाक्य पाहा: ‘गोळीने कच्चे जंतू मरतात, पक्के उरतात.’

उत्तर (वर्धा):
खरं आहे, पण अर्धंच. आतड्यात बॅक्टेरॉइड्स नावाचे जीवाणू भरपूर असतात. त्यांच्यातल्या काही फिरत्या जनुकांना टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचा थोडा अंश लागला की त्यांचं पसरणं शेकडो पटींनी वाढतं. म्हणजे औषध नुसतं निवडत नाही, ते चेतवतं. हे क्रियापद जरूर घ्या, चूल चेतवणाऱ्या बाईला ते समजवावं लागणार नाही. वाक्य असं करा: ‘विनाकारण घेतलेली गोळी पक्के जंतू मागे ठेवते, आणि काही गोळ्या त्यांचं वाटप चेतवतात.’ ‘काही’ गाळू नका. सगळ्या औषधांना हे लागू नाही.