फोर्ट-काळा घोडा : तुम्ही पहिल्यांदा आत शिरलात ते दार कुठलं?

माझे बाबा फोर्टात एका कंपनीत कारकून होते. बत्तीस वर्षं जहांगीर आर्ट गॅलरीवरून चालत ऑफिसला गेले, पण आत एकदाही नाही. तिकीट असेल, इंग्रजीत काही विचारतील, असं त्यांना वाटायचं. रिटायर झाल्यावर मीच हाताला धरून नेलं. तिकीट नव्हतंच! १९५२ सालची गॅलरी, अकरा ते सात उघडी, कुणीही यावं. कोकणातल्या एका घराच्या जलरंगातल्या चित्रापुढे बाबा खिळून उभे राहिले. म्हणाले, "पागोळ्या अगदी खऱ्या काढल्यात." कोपऱ्यात बसलेला चित्रकार उठून आला. "काका, गाव कुठलं तुमचं?" मग अर्धा तास दोघं पावसावरच बोलत होते.

ज्या घोड्यामुळे या भागाला नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये इथून हलला, आता राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, स्वाराशिवाय. मधली पन्नासेक वर्षं घोडा नव्हता, तरी लोक पत्ता सांगताना काळा घोडाच म्हणत राहिले.

अशा दारांच्या तुमच्या आठवणी लिहा.

*

आम्ही नाशिकचे. सातवीच्या सहलीत म्युझियम पाहिलं. तेव्हा सगळे प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणायचे. आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. घुमटाखाली मधल्या दालनात लाकडी खांब आणि कमानी आहेत. सर म्हणाले, "पोरांनो, हे लाकूडकाम आपल्या नाशिकच्या एका वाड्यातून आणलंय." सगळी मुलं भुसा भरलेल्या प्राण्यांकडे पळाली, मी तिथेच थांबले. आजोळच्या ओसरीवर असेच खांब होते. एवढ्या मोठ्या इमारतीत आपलं काहीतरी आहे, या जाणिवेनं मला फार धीर आला होता.

*

माझं दार एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाचं. १८३३ सालचा टाउन हॉल, समोर त्या रुंद पायऱ्या. आमची खोली दहा बाय बारा, माणसं सात. एम.ए.चा प्रबंध तिथे लिहिणं शक्यच नव्हतं. पहिल्या दिवशी पायऱ्यांवरच पाऊण तास बसले, वर जायचा धीर होईना. मग मनाशी म्हटलं, दुर्गाबाई भागवत इथेच वाचत बसायच्या ना, मग चल.

जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड मागितले. शिपाईकाकांनी खंड टेबलावर ठेवला आणि पान कसं उलटायचं ते करून दाखवलं. बोटानं कोपरा उचलायचा नाही, दोन्ही तळवे पानाखाली सरकवायचे. तरी कडांचे पापुद्रे सुटायचेच. संध्याकाळी पदरावर पिवळसर चुरा असायचा. "बाई, झटकू नका इथं, बाहेर जाऊन झटका," असं ते रोज सांगायचे. दोन वर्षं गेले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव पहिलं आहे.

*

स्ट्रँड बुक स्टॉल! वीस टक्के सूट, आणि उभ्यानं वाचलं तरी कुणी हटकायचं नाही. २०१८ मध्ये बंद झालं त्या आठवड्यात गेलो होतो. अर्धी फळ्या-कपाटं रिकामी. बिल करताना हात थरथरत होता माझा.

*

सगळीच दारं अशी नसतात. त्याच भागातल्या एका खासगी गॅलरीत मी आणि आई गेलो होतो. आईची नऊवारी बघून रखवालदारानं विचारलं, "काय काम आहे?" चित्रं बघायला आलोय, म्हटलं. त्यानं आत विचारून येतो म्हणून आम्हाला उन्हात उभं केलं. आई म्हणाली, चल. पुढच्या वेळी तिला जहांगीरला नेईन. ताई, तुमच्या बाबांचं वाचून ठरवलं.

*

आजोबा गिरणी कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात फ्लोरा फाउंटनला होते. गोळीबार सुरू झाल्यावर पळापळीत एक चप्पल गेली. एका दुकानदारानं दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं. अंधारात आठ-दहा जण, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. त्यानं माठातलं पाणी दिलं.

पुढे त्या चौकाचा हुतात्मा चौक झाला. शेतकरी-कामगारांच्या हातातली मशाल उभी राहिली. आजोबा दर १ मेला मला घेऊन जायचे. फूल वाहून झालं की आजूबाजूच्या गल्ल्यांतून एकेका दुकानाचं दार निरखत चालायचे. ते दुकान त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही.