मर्यादित खर्चात हलकी डाउनहिल सायकल : वजन नेमके कुठून कमी करावे?

खडकवाट :

नमस्कार. गेल्या वर्षी मी एक जुनी डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने उतरण्याची, सायकल जोडलेल्या स्थितीतच विकत घेतली. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे-मागे २०० मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलण्याची धाव), दुहेरी क्राउनचा फोर्क, मागे कॉइल (स्प्रिंगचा) शॉक आणि २६ इंची चाके असा तिचा एकंदर थाट आहे. सायकल दणकट आहे, पण काट्यावर तिचे वजन १८.९ किलो भरले. चढावर ती ढकलतच न्यावी लागते आणि चार फेऱ्यांनंतर खांदे बोलू लागतात. त्याहून मोठी तक्रार म्हणजे उडी घेताना ती जमिनीला चिकटून बसल्यासारखी वाटते, आणि ओळीने दगड आले की मागचे चाक ठोकरत, आदळत पुढे जाते. माझे वजन ६२ किलो आहे. हेल्मेट, गुडघ्या-कोपरांची कवचे, बूट आणि पाणी धरून ते ७० किलोच्या आसपास जाते.

सायकल १६ किलोपर्यंत आणावी अशी इच्छा आहे, मात्र सायकल जेवढ्याला घेतली त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त खर्च करणे मला शक्य नाही. मनात पुढील क्रम आहे : सर्वप्रथम सिंगल-प्लाय (एकेरी थराचे) टायर, मग जुन्या बाजारातला एअर (स्प्रिंगऐवजी हवेचा) शॉक, त्यानंतर कोणी वापरलेले कार्बनचे हँडल आणि शेवटी टायटॅनियमचे बोल्ट. हा क्रम योग्य आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तेलकट पाना :

क्रम जवळजवळ उलटा आहे, असे स्पष्टच सांगतो, राग नसावा.

पहिले काम विनाखर्चाचे आहे. सायकल पूर्ण सुटी करा आणि प्रत्येक भाग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून त्याचे वजन कागदावर लिहा. कंपनीने छापलेल्या आकड्यांवर विसंबू नका. मग प्रत्येक बदलासमोर दोन गोष्टी मांडा : किती ग्रॅम कमी होतील आणि एका ग्रॅममागे किती पैसे पडतील. हा कागद तयार झाला की टायटॅनियमचे बोल्ट आपोआप यादीच्या तळाशी जातात, कारण सगळे बोल्ट बदलूनही वाचतात ते काही दशक ग्रॅम, आणि पैसे मात्र चांगल्या टायरच्या जोडीइतके जाऊ शकतात. ॲल्युमिनियमचे बोल्ट तर ब्रेक आणि स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) आसपासही फिरकू देऊ नयेत.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळे वजन सारखे नसते. शॉकच्या वर असलेले वजन, म्हणजे फ्रेम आणि स्वार, शॉक पेलतो. चाक, टायर, कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच) आणि मागची ब्रेक-डिस्क हे वजन मात्र प्रत्येक दगडावर वर उचलले जाते आणि पुन्हा खाली ढकलावे लागते. ते जितके कमी, तितके चाक जमिनीला लवकर परत भेटते. शिवाय चाकाच्या परिघावरचे वजन फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. म्हणून फ्रेममधले अर्धा किलो आणि ट्यूबमधले अर्धा किलो यांची तुलनाच होऊ शकत नाही. अर्धा किलो हलकी फ्रेम घ्यायला निघालात तर सगळा पैसा तिथेच संपेल.

तुमच्याकडे डाउनहिलच्या जाड ट्यूब असतील, तर त्यांचे वजन प्रत्येकी ४०० ग्रॅमच्या वर असते. त्या काढून चाक ट्यूबलेस केले, म्हणजे टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट (छिद्रे बुजवणारा द्रव) घातले, तर त्यांचे प्रत्येक चाकात साधारण १५० ग्रॅम पुन्हा वाढतात. म्हणजे दोन चाकांत मिळून अर्ध्या किलोच्या वर बचत, तीही अत्यंत कमी पैशांत आणि नेमकी परिघावर. रिम मूळची ट्यूबलेससाठी बनवलेली नसेल तर टायरची कड तिच्यावर घट्ट बसते का, हे मात्र आधी पाहावे. हवा भरताना कड ‘टक्’ असा मोठा आवाज करून जागेवर बसली आणि रात्रभरात हवा उतरली नाही तर पुढे जावे. कड हाताने सहज सरकत असेल तर तो नाद सोडावा.

त्यानंतर कॅसेट. उतारावर ३४ दातांच्या चकतीचे काय काम? अमेरिकी डाउनहिल स्वार ॲरन ग्विनने २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगची विश्वचषक शर्यत सुरुवातीलाच साखळी तुटलेली असताना जिंकली होती. आपण काही ग्विन नव्हे, पण पेडल न मारताही ती शर्यत जिंकता आली, तर तुमची मोठी चकती फारशी उपयोगाची नाही हे उघड आहे. स्वस्त नऊ-गिअरी कॅसेटच्या चकत्या बारीक पिनांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. पिनांची डोकी कानशीने घासली की त्या सुट्या होतात. ३० आणि ३४ दातांच्या चकत्या काढा, त्यांच्या जागी आतल्या बाजूला तेवढ्याच जाडीचे स्पेसर (मोकळ्या कड्या) घाला आणि डिरेलरचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) ‘एल’ स्क्रू आवळून त्याची धाव २६ दातांच्या चकतीवर रोखा. ही शेवटची पायरी विसरलात तर डिरेलर आऱ्यांमध्ये शिरेल आणि वाचवलेले सगळे पैसे एका क्षणात जातील. साखळीच्या काही कड्याही कमी करता येतील.

पेडल नायलॉनची घ्या. पिना बदलता येणारी चांगली नायलॉन पेडल धातूच्या बऱ्याच पेडलांपेक्षा हलकी आणि स्वस्तही असतात, आणि दगडावर घासली तर अडकण्याऐवजी सरकतात. या सायकलींच्या बाबतीत स्वस्त आणि हलके हे दोन्ही गुण एकाच वस्तूत सापडण्याची ही मला माहीत असलेली जवळजवळ एकमेव जागा आहे.

उतरण :

सिंगल-प्लाय टायरबद्दल माझा अनुभव नोंदवतो, कारण तुमच्यासारखाच हिशेब मीही केला होता. डाउनहिलचा दुहेरी थराचा टायर १२०० ते १३०० ग्रॅमचा आणि एकेरी थराचा ८५०-९०० ग्रॅमचा. दोन चाकांत मिळून पाऊण किलो सहज वाचेल, असा तो हिशेब. तिसऱ्याच दिवशी, फार वेगही नसताना, एका धारदार दगडावर मागचा टायर बाजूने बोटभर फाटला आणि रिमची कड आत दबली. ती पकडीने सरळ करायला गेलो, तर तिथेच तडा गेला. नवी रिम, नवे आरे, चाक बांधण्याची मजुरी आणि शेवटी पुन्हा दुहेरी थराचाच टायर. पाऊण किलोपायी झालेला तो खर्च मी आजही घरात कुणाला खरा सांगितलेला नाही.

टायर वाचवायला आत फोमचा गोल पट्टा घालावा असे काही जण सुचवतील. त्या पट्ट्याचेच वजन चाकामागे दीडशे ते अडीचशे ग्रॅम असते, म्हणजे वाचवलेल्यातले बरेचसे परत गेले आणि पैसेही वाढले. त्यापेक्षा मागे दुहेरी थर कायम ठेवावा. पुढचा टायर झिजेल तेव्हा मधल्या जाडीचा, म्हणजे एन्ड्युरोसाठीचा (चढ-उतार दोन्ही असलेल्या डोंगरवाटांसाठीचा) सुमारे हजार ग्रॅमचा टायर घेण्यास हरकत नाही, कारण पुढच्या चाकावर मार तुलनेने कमी बसतो. आहे तो चांगला टायर फेकून नवा घेणे मात्र खर्चात बसत नाही.

कार्बनचे हँडल नवे असेल तर माझा आक्षेप नाही. कोणी वापरलेले असेल तर स्टेमखाली बोल्ट किती आवळले गेले, ते किती वेळा आपटले आणि आत काय झाले आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. जे तुटल्यावर थेट तोंडावर पडायचे, ते पारखल्याशिवाय घेऊ नये. आणि हे पारखता येत नाही.

खडकवाट :

दोघांचेही आभार. सायकल सुटी करून वजने घेतली. मोठे आकडे असे आहेत : शॉकशिवाय फ्रेम ३.७ किलो, फोर्क २.९५ किलो, टायर-ट्यूबशिवाय दोन्ही चाके मिळून २.३ किलो, टायर प्रत्येकी १२५० ग्रॅम, ट्यूब प्रत्येकी ४३० ग्रॅम, पेडल ५२० ग्रॅम, सीट ३६० ग्रॅम, ४०० मिलिमीटर लांबीचा सीटपोस्ट ३३० ग्रॅम. शॉकच्या नुसत्या स्प्रिंगचेच वजन ६४० ग्रॅम भरले. तिच्यावर ४५० असा आकडा छापलेला आहे. एअर शॉक घेतला तर हे सगळे एकदम जाईल, असे अजूनही वाटते. त्यावर कोणी बोललेले दिसत नाही.

सॅग :

४५० हा आकडा (स्प्रिंग एक इंच दाबायला लागणारे पौंड) पाहून थांबलो. तुमच्या दोन तक्रारींपैकी निदान एक या आकड्यातच दडलेली आहे.

आधी हिशेब करू. तुमचा शॉक २४१ बाय ७६ मिलिमीटरचा आहे असे धरतो. २०० मिलिमीटरच्या बऱ्याच जुन्या फ्रेममध्ये तोच असतो, तरी मोजून खात्री करावी. चाक २०० मिलिमीटर हलते तेव्हा शॉक ७६ मिलिमीटर दबतो, म्हणजे सरासरी प्रमाण २.६३ झाले. तुमच्या ७० किलोंपैकी साधारण ६५ टक्के भार मागच्या चाकावर येतो असे मानले, तर तो ४५.५ किलो होतो. शॉकवर तो २.६३ पटीने, म्हणजे सुमारे १२० किलो किंवा २६४ पौंड इतका पडतो. नुसते सायकलीवर उभे राहिल्यावर शॉक ३० टक्के दबायला हवा (यालाच सॅग म्हणतात), म्हणजे २३ मिलिमीटर, इंचात ०.९. आता २६४ ला ०.९ ने भागा : उत्तर २९३ येते. अर्थात तुम्हाला ३०० पौंडांची स्प्रिंग हवी आहे आणि तुम्ही ४५० वर बसला आहात. आधीचा मालक बराच वजनदार असावा, किंवा त्याने हा हिशेब कधी केलाच नसावा.

इतक्या ताठ स्प्रिंगवर चाक ठोकरत जाणारच. उडीत सायकल चिकटल्यासारखी वाटते त्याचे कारणही बहुधा वजन नसून रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत उघडतो हे ठरवणारी मांडणी, आहे. ताठ स्प्रिंगला आवरण्यासाठी रिबाउंड खूप आवळून ठेवलेला असेल, तर दबलेला शॉक उडीच्या ओठावर वेळेत उघडतच नाही. नवी स्प्रिंग आली की रिबाउंडची खुंटी पूर्ण सैल करून एकेक क्लिक आवळत यावे. सायकल लाथ मारणे थांबवते तिथे थांबावे. फोर्कमध्येही त्याच मालकाची स्प्रिंग असणार, तेव्हा पुढचा सॅगही मोजावा. फोर्कचे तेल शेवटचे कधी बदलले हे ठाऊक नसेल, तर पैसे आधी तिथे घालावेत. त्याने एक ग्रॅमही कमी होणार नाही, पण तुम्हाला हलकेपणा म्हणून जे हवे आहे त्यातले बरेच मिळेल.

आता वजनाकडे. कमी ताठ स्प्रिंगला तार बारीक लागते, त्यामुळे ती मुळातच हलकी असते. हलक्या पोलादाची ३०० ची जुनी स्प्रिंग ४०० ग्रॅमच्या आसपास मिळावी. स्प्रिंग वाकलेली नसेल तर वर्षानुवर्षे टिकते, म्हणून ती वापरलेली घेण्यात धोका नाही. फक्त आतला व्यास आणि शॉकच्या पूर्ण धावेइतकी लांबी जुळते का, ते पाहावे, आणि बसवल्यावर स्प्रिंग दाबून धरणारी कॉलर दोन फेऱ्यांपेक्षा जास्त आवळावी लागू नये.

एअर शॉकने आणखी काही शे ग्रॅम वाचतील, हे खरे आहे. पण हवा दबताना शेवटी स्वतःच ताठ होत जाते. तुमच्या फ्रेमची रचनाही शेवटी ताठ होणारी असेल, तर दोन्ही मिळून शेवटचे ट्रॅव्हल कधी वापरलेच जाणार नाही. शिवाय जुना एअर शॉक म्हणजे सील बदलण्याचा खर्च हा जवळजवळ ठरलेलाच. या वर्षी तरी तो विचार बाजूला ठेवावा.

तेलकट पाना :

वरील हिशेबाशी पूर्ण सहमत. सीटपोस्टबद्दल एक भर घालतो : ४०० मिलिमीटरचा पोस्ट डाउनहिलला लागत नाही, तो खालून कापता येतो. मात्र फ्रेममध्ये तो वरच्या नळीच्या सांध्याच्या खालपर्यंत पोहोचलाच पाहिजे. कापण्याआधी सीट तुमच्या सर्वांत उंच स्थितीत ठेवून खूण करा, खालच्या स्थितीत नव्हे. ही चूक लोक करतात. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करायलाही विसरू नका, नाहीतर ती फ्रेमला आतून खरवडते.

आणि सायकल सुटी आहेच, तर फ्रेमच्या वेल्डिंगवरून, विशेषतः हेड ट्यूबभोवती आणि मागच्या दुशाखेच्या सांध्यांवरून, विजेरीच्या तिरप्या उजेडात एकदा नजर फिरवा. रंगावर केसासारखी रेषा दिसली तर या धाग्यातले बाकी सगळे निरर्थक आहे.

खडकवाट :

सहा आठवड्यांनी लिहितो आहे. फ्रेमवर रेषा सापडली नाही. शॉक २४१ बाय ७६ चाच निघाला.

झालेली बचत अशी : ट्यूब काढून ५६० ग्रॅम, ३०० ची जुनी स्प्रिंग घालून २४०, नायलॉनच्या पेडलांत १७०, कॅसेटच्या दोन चकत्यांत १३० आणि साखळीत २०, एका मित्राने दिलेल्या सीटमध्ये १२०, सीटपोस्ट १४ सेंटिमीटर कापून ८०. एकूण १३२० ग्रॅम. सायकल आता १७.६ किलोची आहे. ठरवलेल्या रकमेतला निम्म्याहून कमी भाग लागला, त्यातही सर्वाधिक खर्च फोर्कच्या तेल-सीलवर झाला. आतून जे तेल निघाले ते काळ्या चहासारखे होते.

रिबाउंड पूर्वी शेवटच्या क्लिकपर्यंत आवळलेला होता. तो आता मध्याच्या थोडा अलीकडे आहे आणि उडीत सायकल पायांखालून स्वतःहून वर येते. दगडांच्या रांगेत पहिल्याच फेरीत इतका फरक पडला, की टायरमधली हवा कमी झाली असावी असे वाटून मी थांबून तपासली. ती कमी झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र एका तीव्र वळणावर मागच्या टायरची कड क्षणभर सुटून हवा फुसकन गेली. तेव्हा दाब २४ पीएसआय होता, तो आता २७ ठेवतो. ही रिम जुनी आहे आणि तिची कड उथळ आहे, त्यामुळे उरलेली रक्कम मागच्या रिमसाठी राखून ठेवली आहे. ३२ आऱ्यांच्या, ट्यूबलेससाठीच बनवलेल्या आणि फार हलक्या नसलेल्या रिमचे नाव कोणी अनुभवाने सुचवू शकले तर कळवावे. चाक या वेळी स्वतः बांधून पाहायचे ठरवले आहे.