बाप्तिस्म्याला बारसं म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

रंगावलीकाठचा: काल इथं एकानं लिहिलं, ‘बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती बारसंच. पत्रिकेवर सरळ बारसे छापा, गावच्या पाहुण्यांना कळतं.’ वर लाइकचा पाऊस! अहो, बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, नाव ठेवण्याचा नाही. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिशी ओलांडली होती. त्यांचं काय बारसं झालं? नारायण वामनच राहिले ना? आमच्याकडे नवापूर-चिंचपाड्याला लेकरू झालं की मंडळीत, म्हणजे चर्चात, त्याचं समर्पण करतात, देवाच्या हाती सोपवतात. बाप्तिस्मा मोठेपणी, सगळ्यांपुढं साक्ष देऊन, अख्खं पाण्यात बुडून. मूळ ग्रीक शब्दच बुडवण्याचा आहे.

भुसावळ जंक्शन: काय बोलू राहिले भाऊ? आम्हा कॅथलिकांत बहुतेक तान्ह्या बाळाचाच होतो. फादरचा आईबापाला पहिलाच प्रश्न, ‘बाळाचं नाव काय ठेवलं?’ मग डोक्यावर तीनदा पाणी, तेल, मेणबत्ती. आम्ही स्नानसंस्कार म्हणतो, पण बारसं म्हटलं म्हणून आभाळ कोसळत नाही.

रंगावलीकाठचा: ‘ठेवलं’ असं विचारतात ताई. म्हणजे घरून ठेवूनच आणलेलं.

गिरणामाई: ते राहू द्या. बुडायला पाणी कुठंय? आमच्याकडे मे महिन्यात टँकरनं चर्चचा हौद भरला. बाहेर बायांचे हंडे रांगेत! केवढं भांडण झालं. शेवटी विधी उरकल्यावर तेच पाणी बादल्यांनी लिंबाच्या झाडांना घातलं.

पाडळसेकर: म्हणून पावसाळा सरल्यावर नदीवर घ्यावा. फक्त तळ बघून घ्या. आमच्या चर्चचे पाळक शेवाळावर घसरले, हातात शंभर किलोचे काका. दोघं एकदमच खाली. काकू काठावरून ओरडल्या, ‘यांचा झाला, आता पाळकांना काढा!’

भुसावळ जंक्शन: यासाठीच ओंजळभर पुरतं. ‘दिदाखे’ या आरंभीच्या मंडळीच्या ग्रंथातही आहे, पुरेसं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओता.

रंगावलीकाठचा: ‘नसेल तर’ लिहिलंय. ‘कंटाळा आला तर’ नाही.

भुसावळ जंक्शन: कंटाळा? माझा धाकटा भाऊ सातव्या महिन्याचा, काचेच्या पेटीत होता. फादर पोचेपर्यंत काय होईल सांगता येत नव्हतं. ड्युटीवरच्या नर्सबाईनंच कापसाच्या बोळ्यानं कपाळावर पाणी पिळलं. आमच्यात अशा वेळी कुणीही देऊ शकतं. त्याला काय हौदात बुडवायचं होतं? आज रेल्वेत आहे तो. येऊन बोला त्याच्याशी.

रंगावलीकाठचा: पेटीतल्या लेकराबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. बरं, तिथं ओतलं ते ओतलं, माझी हरकत नाही. पण नर्सबाईनं जे केलं त्याला बारसं म्हणाल?

भुसावळ जंक्शन: …नाही म्हणणार. झालं समाधान? पत्रिकेवर स्नानसंस्कारच छापू. तुमच्या मंडळीची परवानगी लागेल का त्याला?

प्रेसवाला, धुळे: काहीही छापा, फक्त प्रूफ बघून सही करा. मागच्या महिन्यात ‘बाप्तीस्मा’ दीर्घ पडला, तीनशे पत्रिका परत आल्या. आणि जेवणाची वेळ ठळक टाकत जा, फोन मला येतात.

गिरणामाई: हौदाला झाकण कुणी बसवून देतं का धुळ्यात? डास फार झालेत.